मुठी वळण्याआधी

प्रिय मित्रा,

गॅदरिंगला यूटू या आयरिश बँडचं ‘संडे ब्लडी संडे’ वाजवायचं ठरवलंयस आणि कोरसला सगळ्यांनी मुठी वर करायच्या, असं लिहिलंयस. गाणं जरूर वाजवा. माझा जीव आहे या गाण्यावर, म्हणूनच मुठींबद्दल बोलतो.

गाण्यातला तो रविवार म्हणजे ३० जानेवारी १९७२. उत्तर आयर्लंडमधलं डेरी. खटला न चालवता माणसं डांबून ठेवतात, याविरुद्ध लोक मोर्चाला आले होते. ब्रिटिश पॅराशूट रेजिमेंटच्या जवानांनी निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या. तेरा जण त्याच दिवशी गेले, चौदावा काही महिन्यांनी. पहिल्या चौकशीनं जवानांना पाठीशी घातलं. त्या घरांना ब्रिटिश पंतप्रधानांची माफी ऐकायला २०१० उजाडलं. यूटूचं गाणं १९८३चं. म्हणजे जखम उघडीच होती.

यूटूचा गिटारवादक एज याच्या पहिल्या खर्ड्यात आयआरएला, म्हणजे ब्रिटिश राजवटीविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र संघटनेला, थेट झोडपणारी ओळ होती. ती काढली, आणि तिथे बातमीवर विश्वासच न बसणारा एक माणूस आला. तुझ्या वयात मला हे कच खाणं वाटायचं. आता वाटतं, ती ओळ राहिली असती तर निम्म्या लोकांनी तिथेच कान मिटले असते.

आता हेडफोन लावून फक्त सुरुवात ऐक. ड्रमर लॅरी मलननं ते ड्रम डब्लिनच्या स्टुडिओत जिन्यापाशी वाजवले. स्नेअरचा, म्हणजे त्या खणखणीत ड्रमचा, आवाज भिंतींवर आदळून परत येतो. ठेका सरळसरळ लष्करी संचलनाचा, आणि त्याच ठेक्यावर गायक बोनो विचारतो, हे अजून किती दिवस गायचं? सगळं गाणं या एका ताणावर उभं आहे. मुठी उगारल्या की उरतं नुसतं संचलन.

८ नोव्हेंबर १९८७ला एनिस्किलनमध्ये, युद्धात पडलेल्यांना मानवंदना द्यायला जमलेल्या लोकांत आयआरएचा बॉम्ब फुटला. अकरा जण गेले. त्याच रात्री डेन्व्हरला हेच गाणं गाता गाता बोनो थांबला आणि अमेरिकेत बसून आयर्लंडच्या क्रांतीचे गोडवे गाणाऱ्यांवर तुटून पडला. ते चित्रीकरण बँडमधल्या सगळ्यांनी मिळून बघा. आपण तर त्यांच्याहूनही लांब आहोत रे.

रविवारी तालमीला येतो. ड्रमवाल्याला सांग, स्नेअरवर टॉवेल टाकू नकोस. आणि गिटार लगेच सुरू करू नका, तो ठेका थोडा वेळ एकटाच वाजू दे.

तुझा,
दादा