टीबीची स्किन टेस्ट, मुलीची शाळा आणि इतर काही

ताई, तुम्ही विचारलंत की सहा वर्षांच्या लेकीला घेऊन कॅलिफोर्नियात यायचंय, शाळेने टीबीची टेस्ट मागितलीय, तर ती पुण्यातच उरकून यावं का. आणि बीसीजी, म्हणजे टीबीची लस, झालेल्या मुलांची टेस्ट पॉझिटिव्ह येते हे खरं का. कागदपत्रांची यादी शाळेच्या साइटवर आहेच, ती मी उगाळत नाही. पण तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम बाजूलाच राहिलं. आमच्याकडे याच टेस्टवरून जे रामायण झालं, ते इतक्या वर्षांनीही मला पचलेलं नाही.

पुण्यात करू नका. आमच्या शाळेने अमेरिकेत केलेलीच टेस्ट धरली, भारतातला रिपोर्ट बघितलासुद्धा नाही. नियम काउंटीगणिक, म्हणजे इथल्या जिल्ह्यागणिक, बदलतात, तेव्हा ईमेल करून लेखी उत्तर घ्या. फोनवर गोड बोलतात आणि नंतर कानावर हात ठेवतात.

टेस्ट म्हणजे हाताच्या आतल्या बाजूला, कोपराखाली, ट्युबरक्युलिनचं, म्हणजे टीबीच्या जंतूंपासून काढलेल्या प्रथिनांचं, ०.१ मिली इंजेक्शन. ते कातडीच्या थरातच द्यायचं असतं. डास चावल्यावर उठते तशी गांध लगेच उठली तर सुई बरोबर बसली. शरीराची टीबीच्या जंतूंशी आधी ओळख झालेली असेल तर संरक्षक पेशी त्या जागी गोळा होतात आणि दोन दिवसांत तिथे टणक गाठ येते. म्हणून ४८ ते ७२ तासांत परत जाऊन हात दाखवायचा. मोजायचा असतो तो टणकपणा, लाली नव्हे. डोळे मिटूनही जमावं असं ते काम आहे: बोटाने चाचपून गाठीची कड शोधायची आणि हाताच्या आडव्या दिशेने मिलिमीटर मोजायचे. आमच्या नर्सबाईंनी सरळ लालीवर पट्टी ठेवली आणि भला मोठा आकडा लिहिला. दुसऱ्या डॉक्टरांनी चाचपून पाहिलं तर गाठ १२ मिलिमीटर. तसंही भारतातून नुकत्याच आलेल्यांना १० पासून पुढे पॉझिटिव्हच धरतात. रुग्णाच्या निकट राहिलेल्याला किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्याला ५ पुरे, आणि कसलाच धोका नसलेल्याला १५ लागतात. पण तो पहिला आकडा शाळेत पोचला होता.

आता बीसीजी. ट्युबरक्युलिनमध्ये अनेक प्रथिनांची सरमिसळ असते, त्यातली काही बीसीजीच्या जंतूतही असतात. त्यामुळे लशीमुळेही गाठ येऊ शकते. इथल्या मुलांना बीसीजी देतच नाहीत, म्हणून लेकीच्या डाव्या दंडावरचा वण पाहून नर्सने 'भाजलं होतं का' असं विचारलं. तेव्हा तुम्ही पहिल्याच भेटीत रक्ताची टेस्ट मागा, क्वांटिफेरॉन किंवा टी-स्पॉट. तिच्यात वापरलेली प्रथिनं बीसीजीत नसतात, आणि दुसरी खेपही वाचते. आमच्या लेकीची रक्ताची टेस्ट निगेटिव्ह आली, एक्स-रे स्वच्छ.

तोवर शाळेचे पहिले दिवस गेले होते. 'निकाल येईपर्यंत वर्गात पाठवू नका.' पोरीला खोकला नाही, ताप नाही. नुसत्या सुप्त संसर्गाने, म्हणजे जंतू शरीरात निपचित पडून असताना, कुणालाही लागण होत नाही. हे शाळेच्या ऑफिसात मी कितीदा सांगितलं. समोरची बाई फॉर्म पुढे सरकवायची आणि हात मागे घ्यायची. त्याच आठवड्यात वर्गाचा फोटो निघाला. त्या फोटोत माझी मुलगी नाही. ती आता मोठी झालीय, तिला काही वाटत नाही म्हणते. मला वाटतं.

आणि आता जे घरी सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. पुढे ग्रीनकार्डच्या मेडिकलमध्ये माझी स्वतःची रक्ताची टेस्ट पॉझिटिव्ह आली. आजार नाही, सुप्त संसर्ग. यात नवल काही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात भारतात १५ वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के लोकांना असा संसर्ग आढळला. त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. मी चार महिने रिफाम्पिसिन हे टीबीवरचं औषध घेतलं. लघवी केशरी होते, घाबरू नका. पण त्या काळात रात्री जागून मी आठवत बसायचे, कुणाकडून आला असेल? सोलापूरच्या वाड्यात मागच्या खोलीत एक चुलत आजोबा असायचे, त्यांचं ताट-वाटी वेगळं. आम्हाला सांगितलं होतं, त्यांना दम्याचा त्रास आहे. आईला फोनवर विचारायचं दर वेळी ठरवते आणि भाजीपाल्यावर बोलून ठेवून देते. विचारलं तर ती आधी म्हणेल, 'सासरी बोलू नकोस.' शाळेतल्या त्या बाईचा राग करावा, तर आपल्या घरातलं ते वेगळं ताट आठवतं.

एकटेपणाचंही विचारलंत. पहिला हिवाळा जड जातो, मग माणसं भेटतात. त्यावर फार विचार करू नका.

स्किन टेस्टच करावी लागली तर गुरुवारी करू नका; शनिवार-रविवारी क्लिनिक बंद आणि सोमवारपर्यंत ७२ तास उलटलेले, म्हणजे पुन्हा सुई. एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला), कांजिण्यांसारख्या जिवंत लशी टेस्टच्याच दिवशी द्या, नाहीतर लशीनंतर चार आठवडे थांबा, कारण त्यांनी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. हे रक्ताच्या टेस्टलाही लागू. बीसीजीची तारीख लिहिलेलं लसीकरणाचं कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा. आणि शाळेच्या फोटोची तारीख आधीच विचारून घ्या.