पहिली फेरी ५५, दुसरी ६९: ८०० मीटरच्या निवड चाचणीत माझं काय चुकलं?

प्रश्न थोडक्यात असा: विद्यापीठाच्या निवड चाचणीत ८०० ला, म्हणजे ४०० मीटरच्या दोन फेऱ्यांना, १:५८ (मिनिटं:सेकंद) हवं होतं, आलं २:०४. ४०० चं सर्वोत्तम ५३ सेकंद, सरावात ६०० मीटर १:२७. सर म्हणतात, जिगर कमी पडली. आता १५०० कडे वळू का?

जिगर हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. ४०० चं सर्वोत्तम ५३ असलेला पोरगा पहिली फेरी ५५ ला काढतो, म्हणजे अर्धी शर्यत बाकी असताना त्याने होतं नव्हतं ते ओतलेलं असतं. त्याला भित्रा म्हणायचं? पुढचं ठरलेलंच आहे. ५०० च्या आसपास पाय भरतात, ६०० नंतर गुडघे उचलत नाहीत, हात छातीसमोर आडवे फिरायला लागतात. दोन फेऱ्यांतले १४ सेकंद तिथे गेले.

या वादात कोणीतरी हमखास आपल्या श्रीराम सिंगचं, ८०० च्या जुन्या भारतीय धावपटूचं, नाव काढतं. १९७६, माँट्रियल ऑलिम्पिकची अंतिम शर्यत, 'तो नाही का पुढे काढून पळाला?' पळाला की. पहिली फेरी सुमारे ५१, शेवट १:४५.७७, सातवा क्रमांक. तो राष्ट्रीय विक्रम २०१८ मध्ये जिन्सन जॉन्सनने १:४५.६५ काढेपर्यंत टिकला. पण वजाबाकी करा ना! दुसरी फेरी ५५ च्या आसपास, फरक ४ सेकंदांचा. २०१२ ला लंडन ऑलिम्पिकमध्ये केनियाच्या रुडिशाने पहिली फेरी ४९.२८ ला घेतली आणि १:४०.९१ चा विश्वविक्रम केला. तिथे फरक अडीच सेकंदांच्याही आत आहे. श्रीराम सिंगचं नाव घेऊन पोरांना उधळायला लावणाऱ्यांनी ही वजाबाकी एकदा फळ्यावर करून दाखवावी.

१:५८ साठी २०० चे चार तुकडे असे धर: २८, २९.५, ३०, ३०.५. मित्राने मोबाइलवर शर्यत घेतली असेल तर दर २०० च्या खुणेला थांबवून तुझे आकडे काढ. माझा अंदाज, पहिला तुकडा २६ च्या आसपास गेलाय. स्टॅगरमुळे, म्हणजे वळणाचं जास्तीचं अंतर भरून काढायला बाहेरच्यांची सुरुवात पुढून असते म्हणून, बाहेरच्या लेनमधली पोरं पुढे दिसतात आणि आतला त्यांना पहिल्याच वळणावर गाठायला जातो. वळण संपून लेन सोडायची रेषा आली की झपकन आत घुसायचं नाही. पलीकडची सरळ पट्टी संपेपर्यंत तिरकं तिरकं आत यायचं. त्यानंतर मात्र आतली कड धरायची. अख्खी फेरी दुसऱ्या लेनमधून काढलीस तर साधारण ७ मीटर जास्त पळतोस, तुझ्या वेगाने एक सेकंद.

आता ते ६०० चं १:२७. कुठल्या मैदानावर? मुरमावर फक्कीने आखलेली फेरी ४०० ची असेलच असं नाही. आतल्या कडेला उंच कठडी असेल तर तिच्यापासून ३० सेंटिमीटर बाहेरून मोजायचं, नुसती रेघ असेल तर २०. वळणावर दर दोन मीटरला खुंटी ठोकून टेप फिरवायचा, नाहीतर टेप आतून आडवा जातो आणि माप चुकतं. फेरी ३९० ची निघाली तर तुझे ६०० म्हणजे ५८५, आणि खऱ्या ६०० चं टायमिंग १:२९. मग १:५८ ची अपेक्षाच हवेत होती.

शर्यतीच्या दहा दिवस आधी एक कसोटी घे: ४०० मीटर ५८ ला, घड्याळ लावून ६० सेकंद विश्रांती, पुन्हा ४००. दुसरं ६० ला येत नसेल तर विश्रांतीशिवाय १:५८ कुठून येणार? एवढी साधी गोष्ट सोडून, हरल्यावर शिक्षा म्हणून दुसऱ्याच दिवशी बारा वेळा ४०० पळवणारे सर आहेत, तुझेही तसेच असावेत. त्याने पुढचे दोन आठवडे वाया जातात. तीन दिवस हलकं पळ, मग चौथ्या दिवशी २०० चे पाच, २९ ला, मध्ये दोन मिनिटं.

वॉर्म-अपचं तुला माहीत असेलच. फक्त तुझी हीट (प्राथमिक शर्यत) लांबली तर ट्रॅकसूट काढू नकोस, दर दहा मिनिटांनी ६० मीटरच्या दोन पळत्या मार.

१५०० चं म्हणशील तर ५३ वाल्याने इतक्यात ८०० सोडू नये. हिवाळ्यात लांब पळणं वाढवून १५०० च्या एक-दोन शर्यती पळ, दुसऱ्या फेरीला त्याचा उपयोगच होईल.

आणि हो, चाचणीच्या आधीच्या दोन आठवड्यांत ताप येऊन गेला असेल तर वरचं बरंचसं विश्लेषण तुला लागू नाही. सोप्या पळण्यातही दम लागत असेल तर आधी हिमोग्लोबिन तपासून घे. मुलींनी तर दर हंगामाआधी तपासावंच.