नाशिकच्या गंगापूर रोडवर धावताना पावलांची लय स्थिर ठेवण्यासाठी मेट्रोनोम (ठरावीक वेगाने टकटक करणारे उपकरण किंवा अ‍ॅप) वापरावा की गाणी?
लय पायात बसेपर्यंत मेट्रोनोमच वापरावा, कारण गाण्याचा ठेका अंतऱ्यात किंवा मधल्या वाद्यमेळात बदलला की पाऊलही नकळत बदलते. आधी नेहमीच्या वेगात मिनिटाला पडणारी पावले मोजून ठोका तेवढाच लावावा आणि वाढवायचा झाल्यास एका वेळी फार तर पाच टक्के वाढवावा, म्हणजे १६० वरून १६८. सलग टकटक कानाला त्रासदायक वाटल्यास १६८ च्या निम्मे, म्हणजे ८४ लावून ती फक्त उजव्या पावलाशी जुळवावी. मिनिटाला १८० पावले हा बहुचर्चित आकडा प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांच्या १९८४ च्या ऑलिंपिकमधील निरीक्षणावरून आला आहे, त्यामुळे तो प्रत्येकाने गाठलाच पाहिजे असे मुळीच नाही. मात्र हा सराव गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर करावा. गंगापूर रोडच्या वाहतुकीत निदान एक कान मोकळा हवाच.