रविवारचं मटण आणि पहिली रेड वाइन

पहिलीच बाटली असेल तर महागातली घेऊ नका. नाशिककडची साधी शिराझ (त्याच नावाच्या काळ्या द्राक्षाची रेड वाइन) पुरे. प्यायच्या आधी अर्धा तास ती फ्रीजमध्ये ठेवा. रेड वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी हे युरोपातल्या थंड घरांचं गणित, म्हणजे 16 ते 18 अंश. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच 34 वर असते. मग नाकात नुसता अल्कोहोल शिरतो.

जेवणाआधी एक घोट नुसताच घ्या. कच्चं केळं चावल्यासारखं तोंड आवळतं ना, ते टॅनिन, द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून आलेलं. आता मटणाचा जरा चरबीवाला तुकडा खा आणि पुन्हा घोट घ्या. तीच वाइन मऊ लागेल, कारण टॅनिन आता मांसातल्या प्रथिनांना आणि चरबीला धरतं. हा फरक एकदा जिभेला कळला की अर्धं काम झालं.

तिखटाचं मात्र उलटं. मी एकदा हौसेनं तांबड्या रश्श्यासोबत 14 टक्के अल्कोहोलची कॅबरने, म्हणजे भरपूर टॅनिनवाली रेड, उघडली. जीभ पेटली, वाइनची चव शून्य! अल्कोहोल आणि टॅनिन दोन्ही मिरचीचा जाळ वाढवतात. त्यापेक्षा कमी तिखट सुकं मटण करा. शाकाहारी असाल तर दाण्याचं कूट घातलेली भरली वांगी आणि झिनफँडेल, हीही एक रेडच. मला तर हेच जास्त आवडतं. सुरमईला रेड नकोच, तोंडात लोखंडी चव येते.

उरलेली बाटली बूच लावून फ्रीजमध्ये तीन दिवस टिकते. चौथ्या दिवशी मी ती मटण मुरवायला वापरतो.