नवी शिंपली आणि रुपयाचं नाणं

प्रश्न : सर, राम राम. माझा भाचा सुरतला उधन्यात असतो. त्याचे वडील इथून मागावर कामाला गेले ते तिकडचेच झाले. पोरगा आता प्राणिशास्त्रात एमएस्सी करतोय. मगदल्ल्याच्या बाजूला तापीच्या खाडीत, ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात त्याला इवल्या शिंपल्या सापडल्या. सगळ्यात मोठी हरभऱ्याच्या डाळीएवढी. तो म्हणतो ही जात कुठल्याच पुस्तकात नाही, नवीन आहे. घरात पेढ्यांची गोष्ट चाललीय, एका पेपरवाल्याला फोनही झालाय. फोटो पाठवतो. खरंच नवीन आहे का? आणि असेल तर पुढे काय करायचं असतं?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : भाऊ, राम राम. पेढे थांबवा. पेपरवाल्याचा पुन्हा फोन आला तर भाचा गावाला गेलाय म्हणून सांगा. का, ते पुढे येईलच.

फोटो नीट पाहिले. शिंपल्यांशेजारी रुपयाचं नाणं ठेवलंय, पण कोणतं? जुनं नाणं २५ मिलिमीटरचं, नंतरचं २२ च्या आसपास. एवढ्यातच ७ मिलिमीटरची शिंपली ८ ची होऊन बसते. भाच्याला म्हणावं, नाणं खिशात ठेव आणि मिलिमीटरची पट्टी लाव. दुसरं, सगळे फोटो पाठीचे आहेत. शिंपलीची ओळख आतल्या बाजूला असते. दोन्ही झडपा अलगद उघडून आतून पाहायच्या : बिजागरीला दात किती आणि कसे, झडप मिटणाऱ्या स्नायूंचे दोन ठसे कुठे, आणि त्या ठशांना जोडणारी पुसट रेघ. ही रेघ मागच्या बाजूला आत वळते, तिथे एक खळगा दिसतो. गाळात राहणारी शिंपली दोन नळ्या वर काढून पाणी आत घेते, बाहेर सोडते. नळ्या आत ओढून घ्यायला जागा लागते, तो हा खळगा. खळगा खोल असेल तर जनावर गाळात खोल बसणारं. मेलेल्या शिंपल्यावरून ते किती खोल राहत होतं याचा अंदाज येतो, ही गोष्ट मला आजही भारी वाटते. यासाठी मोठी यंत्रं लागत नाहीत, जळगावच्या सराफ बाजारात मिळतं ते दहापटीचं भिंग सुरुवातीला पुरे.

आता माझी फजिती ऐका. १९८७ च्या हिवाळ्यात मी कॉलेजची सहल घेऊन रत्नागिरीला गेलो होतो. आपली पोरं केळीच्या बागांत वाढलेली, समुद्र पहिल्यांदा पाहणारी. ती लाटांत, आणि मी भाट्याच्या खाडीत चाळणी घेऊन. तांदळाएवढ्या, गुळगुळीत, फिकट पिवळ्या शिंपल्या मिळाल्या, साठेक तरी. माझ्याजवळच्या पुस्तकात त्या नव्हत्या. पुस्तक एकच होतं, हे तेव्हा ध्यानात घ्यायला हवं होतं. परत आलो, सगळ्या फॉर्मलिनच्या बाटलीत टाकल्या, बाटली प्रयोगशाळेच्या कपाटात. आमच्याकडे साप असो, सरडा असो, फॉर्मलिनच. पुढच्या दिवाळीत बाटली काढली तर चिमट्यात धरताच शिंपली भिजल्या पापडासारखी दबली. फॉर्मलिन पडून राहिलं की आंबट होतं आणि शिंपला म्हणजे शेवटी चुना. तो विरघळून गेला होता. सहलीच्या शबनममध्ये तळाशी एक कोरडी शिंपली राहिली होती, ती कापसात गुंडाळून एका जाणकारांना पाठवली. त्यांचं पोस्टकार्ड आलं, दोनच ओळी : ‘ही तिसरीची पिलं आहेत. मोठ्या तिसरीच्या टोकाजवळच्या रेषा मोजा आणि ताडून पाहा.’ कोकणात तिसऱ्या म्हणून जे लोक आवडीनं खातात, तेच हे जनावर, लहानपणीचं. ते कार्ड मी बरीच वर्षं टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं.

म्हणून भाच्याला पहिला प्रश्न हाच विचारा : ही लहान जात आहे की मोठ्या जातीचं लेकरू? उत्तर मिळवायचं तर एक शिंपली पुरत नाही. एकाच जागेवरून लहान-मोठ्या पन्नासेक घ्यायच्या, आकारानं रांगेत लावायच्या. ७ मिलिमीटरच्या शिंपलीत पिकलेली अंडी किंवा शुक्रपेशी सापडल्या, तर ती वयात आलेली आहे, म्हणजे जात मुळातच छोटी. नाही सापडल्या, तर पुढच्या महिन्यात त्याच जागी परत जायचं.

दुसरी शंका आपल्या बाजूची आहे. तापी ७२४ किलोमीटर वाहून समुद्राला मिळते, पुरात काय काय वाहून नेते. तिच्या गोड्या पाण्यात कॉर्बिक्युला नावाची बारकी शिंपली असते, अंगावर आडव्या वळ्या. तिचे रिकामे शिंपले खाडीपर्यंत जाऊ शकतात. इथून जाणाऱ्यांची वाट उकाईच्या धरणानं अडवली असली तरी धरणाखालीही गोडं पाणी आहेच. ओळख सोपी : तिच्या बिजागरीच्या बाजूच्या लांब दातांवर करवतीसारखे बारीक खाचे असतात. भिंगाखाली एकदा पाहिले की माणूस विसरत नाही. म्हणून खाडीतून जिवंत शिंपली घ्यायची. रिकामी शिंपली म्हणजे बिनपत्त्याचं पाकीट.

तिसरी शंका पाहुण्यांची. सुरतच्या खाडीत जहाजांची ये-जा, आणि जहाजाच्या बुडाला चिकटून परदेशी शिंपल्या येतात. कॅरिबियनकडची मायटिलॉप्सिस मुंबईच्या गोद्यांत अशीच पोचली, ती खारं-गोडं दोन्ही सोसते. तिच्या टोकाखाली आतल्या बाजूला एक इवली फळी असते, कोपऱ्यातल्या कोनाड्यासारखी. अशी शिंपली आपल्या पुस्तकात नसतेच, कारण पुस्तक आपल्या किनाऱ्याचं आणि ती परक्या मुलखाची.

या तिन्ही चाळण्यांतून शिंपली खाली पडली नाही, तर मग खरा घाम. निमखाऱ्या पाण्यातल्या शिंपल्यांवर आपल्याकडे दोनशे वर्षं लोक लिहीत आलेत. कंपनी सरकारच्या नोकरीतल्या बेन्सननं १८३० मध्ये गंगेतली नोव्हाक्युलिना नोंदवली, समुद्रातल्या वस्तऱ्या-शिंपल्यांची गोड्या पाण्यात आलेली भावकी. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचा पहिला संचालक अ‍ॅनन्डेलनं चिलिका सरोवर पिंजून काढलं. त्यातली कितीतरी वर्णनं चार ओळींची, चित्राशिवाय, आणि मूळ नमुने लंडनला नाहीतर कोलकात्याला. ‘नवीन’ म्हणायचं तर त्या वंशातली प्रत्येक नोंदलेली जात पाहून, माझी हिच्यापेक्षा अमुक गोष्टीत वेगळी, हे लिहून द्यावं लागतं. जनुकांचा बारकोड काढून मिळतो, सीओआय नावाच्या जनुकाचा साधारण ६५८ अक्षरांचा तुकडा. तो जरूर काढावा. पण तो जुळवायचा कशाशी? संगणकातल्या साठवणीत ज्यांचे तुकडे आहेत त्यांच्याशीच. १८३० च्या वाळक्या शिंपलीचा तुकडा त्यात बहुधा नसतो. पोरं इथेच फसतात, संगणक ‘जुळत नाही’ म्हणाला की नाचायला लागतात.

होतं मात्र. २०१८ मध्ये कोचीच्या खाडीतली एक बारकी शिंपली रीतसर नवी ठरली, इंडोस्फेनिया कायलम. ‘कायल’ म्हणजे मल्याळीत खाडीचं, खाजणाचं पाणी. त्या कुळातल्या शिंपल्यांच्या डाव्या झडपेत बिजागरीपाशी चमच्यासारखा भाग पुढे आलेला असतो. भाच्यानं तेवढं तरी आज रात्री पाहून घ्यावं. डावी-उजवी कळत नसेल तर : तो मघाचा खळगा मागच्या अंगाला असतो. शिंपलीचं टोक वर आणि खळगा आपल्याकडे करून धरली, की डाव्या हाताची ती डावी.

बाटलीचं सांगतो आणि पुढे जातो. ९५ टक्के अल्कोहोल, फॉर्मलिन नाही म्हणजे नाही. शिंपला तर जातोच, जनुकंही खराब होतात. चिठ्ठी बाटलीच्या आत, पेन्सिलनं लिहिलेली. बॉलपेनची शाई अल्कोहोलात उतरते आणि मग जांभळ्या पाण्यात पोहणाऱ्या अनामिक शिंपल्या उरतात. चिठ्ठीवर तारीख, अक्षांश-रेखांश, भरती होती की ओहोटी, पाण्याचा खारटपणा. समुद्राचं पाणी साधारण हजारात ३५ भाग खारं. खाडीत हा आकडा पावसाळ्यात पार खाली येतो आणि मे महिन्यात वर चढतो, म्हणून एका दिवसाच्या मोजणीवर जाऊ नये.

जात नवी ठरली तर त्यातली एक शिंपली मूळ नमुना म्हणून जाहीर करावी लागते, होलोटाइप. पुढे कुणाला शंका आली तर निवाडा त्या एका शिंपलीपाशी. ती भाच्याच्या कपाटात ठेवून चालत नाही. प्राण्यांच्या नावांचे नियम सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय नामसंहितेच्या चौथ्या आवृत्तीपासून, म्हणजे २००० पासून, ती कुठल्या संग्रहात ठेवली हे लेखात सांगणं बंधनकारक आहे. आपल्या २००२ च्या जैवविविधता कायद्याचं कलम ३९देखील नव्या जातीचा नमुना नेमलेल्या संस्थेत जमा करायला सांगतं. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, मुख्य कचेरी कोलकात्याला. आधी तिथे पत्र टाकावं.

आणि पेपरवाला. वर्णन छापण्याआधी नाव बातमीत आलं तर ते ‘नोमेन न्यूडम’ ठरतं, उघडं नाव. त्या नावाला शास्त्रात काडीची किंमत नसते, वर दुसऱ्या कुणाला गाळात हात घालायची बुद्धी होते ती वेगळीच.

प्रश्न : तापीतल्या मोठ्या शिंपल्यांत मोती असतो का? आमच्या गावातली पोरं ढीगभर फोडतात.
– भुसावळजवळचा एक शेतकरी

उत्तर : पोरांना आवरा. या बहुधा लॅमेलिडेन्स शिंपल्या. गोड्या पाण्यातल्या मोत्यांच्या शेतीला याच शिंपल्या वापरतात, भुवनेश्वरच्या गोड्या पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या संस्थेनं त्यावर पुष्कळ काम केलंय. पण तिथे बीज आत ठेवून, महिनोन्‌महिने सांभाळून मोती धरतात. नदीतल्या शिंपलीत आपोआप झालेला, विकण्याजोगा मोती म्हणजे लॉटरीच. हिची पिलं काही दिवस माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात, त्यामुळे जिथे मासे संपले तिथे फोडलेल्या ढिगाची भरपाई होत नाही.

प्रश्न : सर, नव्या जातीला आजीचं नाव देता येतं का? आणि स्वतःचं? शास्त्रीय नावापुढे कधी कंस असतो, कधी नसतो, ते काय?
– बीएस्सीची विद्यार्थिनी, धुळे

उत्तर : बेटा, आजीचं देता येतं, खुशाल दे. नाव रोमन लिपीत हवं, आणि बाईचं असेल तर शेवटी लॅटिन पद्धतीचा ‘ए-ई’ प्रत्यय, पुरुषाचं असेल तर ‘आय’. तापीवरून ठेवायचं तर ‘तापिएन्सिस’. वंशाचं नाव लॅटिनमध्ये नपुंसकलिंगी असेल तर ‘तापिएन्से’. लिंग चुकलं तर पुढचा अभ्यासक दुरुस्त करतो आणि तळटीपेत आपली शोभा होते. स्वतःचं नाव ठेवायला नियमाची आडकाठी नाही. पण लोक हसतात, आणि मीही हसेन.

कंसाचं उत्तर कोकणात तिसऱ्या म्हणून खातात त्यांतल्या एका शिंपलीच्या नावात आहे. मेरेट्रिक्स मेरेट्रिक्स (लिनियस, १७५८). नाव देणाऱ्या लिनियसनं तिला व्हीनस या वंशात घातलं होतं, पुढे वंश बदलला, म्हणून त्याचं नाव कंसात गेलं. वंश तोच राहिला असता तर कंस नसता. ‘मेरेट्रिक्स’चा लॅटिन अर्थ कोशात पाहा. वर्गात कुणी विचारलं की मी फळा पुसायला वळायचो. नाव कितीही ओशाळवाणं असलं तरी तेवढ्यासाठी ते बदलत नाहीत, तेव्हा आजीचं नाव लिहिताना स्पेलिंग दोनदा तपास.

अमळनेरच्या भाऊंना ता. क. : भाचा सुटीत येणार असेल तर बाटली घेऊन घरी पाठवा. सुरत-भुसावळ गाडीत ती पिशवीत उभी ठेवायला सांगा, आणि झाकणावर मेण लावायला. भिंग माझ्याकडे आहे.