सांबराला ‘बारशिंगा’ म्हणावे का?

धायरीच्या एका वाचकांनी विचारले आहे : कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात सांबर दिसले की घरातली वडील मंडळी मुलांना ‘तो बघ बारशिंगा’ असे सांगतात, हे बरोबर आहे का? आणि लिहायचे कसे, ‘बारशिंगा’ की ‘बारासिंगा’?

सांबर म्हणजे बारशिंगा नव्हे. नराच्या शिंगांची टोके मोजली की खात्री पटते. सांबराच्या एकेका शिंगाला सहसा तीन, म्हणजे दोन्हींची मिळून सहा. बारशिंग्याची दहा ते चौदा भरतात, क्वचित त्याहून जास्त. ठेवणही निराळी : कपाळाशी एक फाटा फुटतो, मग अर्ध्याहून अधिक लांबीपर्यंत दांडा मोकळा, आणि बाकीची टोके शेंड्याकडे दाटीने.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. सांबर आपल्या भीमाशंकरच्या रानातही आहे. बारशिंगा महाराष्ट्राच्या रानात नाही. मध्य भारतातला, कठीण जमिनीवर वावरणारा बारशिंगा तर 1970 च्या सुमारास कान्हात जेमतेम 66 उरला होता. तो जवळजवळ निव्वळ गवतावर जगतो. शेती आणि गुरचराईने कुरणे गेली, त्यात शिकारीची भर पडली. कुरणे राखल्यावर, कुंपणाआड पैदास केल्यावर तो सावरला. सांबरालाच बारशिंगा म्हणत राहिलो, तर मुलांना हा प्राणी गावोगावच्या रानात आहे असेच वाटणार. काश्मीरच्या हंगुललाही हिंदीत पुष्कळदा बारासिंगा म्हणतात. तोही वेगळा आणि अतिशय दुर्मीळ. त्याला हंगुलच म्हणावे.

आता लेखनाकडे. मराठीत समासात ‘बारा’चे ‘बार’ होते : बारमाही, आणि पुणेकरांना न विसरता येणारे 1774 चे बारभाई. त्याच चालीवर ‘बारशिंगा’. चौशिंगा म्हणतो तसेच. ‘बारासिंगा’ हिंदी वळणाचा आहे, मराठी लेखनात मी तो टाळतो. (बारा शिंगे मात्र शब्दशः घेऊ नयेत. शिंगे दोनच, बारा आहेत ती टोके.)

रूपे घोड्याप्रमाणे चालवावीत : एक बारशिंगा, अनेक बारशिंगे, बारशिंग्याला, बारशिंग्यांचा कळप. ‘बारशिंगाला’ असे वर्तमानपत्रांत दिसते, ते चूक. मादीला शिंगे नसतात, तरी जातीचे नाव तेच. ‘बारशिंग्याची मादी’ म्हणावे.