मराठी शाळेतून कॉन्व्हेंटच्या पाचवीत जाताना: तिथे काय शिकवतात आणि दिवस कसा असतो?

तुम्ही विचारलंय की मुलगी दादरच्या मराठी शाळेतून चौथी झाली, माहीमला सिस्टरांच्या शाळेत पाचवीत प्रवेश मिळाला, आता तिथे शिकवतात काय, धर्माची सक्ती असते का, आणि तिचा निभाव लागेल का. मुंबईतल्या कॅथलिक शाळांच्या पाचवी ते आठवीच्या वर्गांची मला जवळून माहिती आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी बोर्ड कोणतं ते बघा. कॅम्पियनसारख्या मोजक्या शाळा आयसीएसईच्या आहेत, पण मुंबईतल्या बहुतेक कॅथलिक शाळा राज्य मंडळाच्याच आहेत. म्हणजे पुस्तकं बालभारतीची. पाचवीला इंग्रजी, हिंदी, मराठी, गणित आणि परिसर अभ्यासाचे दोन भाग. सहावीपासून परिसर अभ्यास जाऊन सामान्य विज्ञान, इतिहास-नागरिकशास्त्र आणि भूगोल असे वेगळे विषय होतात. कॉन्व्हेंटमध्ये शिवाजी महाराज शिकवत नाहीत, हे कुणी सांगितलं असेल तर ते मनातून काढून टाका. सातवीच्या इतिहासात स्वराज्याची स्थापना तिथेही आहे. उलट चौथाई, सरदेशमुखी, वतन, रयत हे शब्द त्या इंग्रजी पुस्तकात तसेच येतात. तुमच्या मुलीला ते सांगावे लागणार नाहीत, तिला फक्त त्यांची इंग्रजी स्पेलिंग पाठ करावी लागतील.

अडचण येते ती माध्यमाची, आणि त्यावर एक सोपा उपाय आहे जो फार कमी पालक करतात. बालभारतीची गणित आणि परिसर अभ्यासाची पुस्तकं दोन्ही माध्यमांत एकाच मजकुराची असतात. धडे तेच, चित्रं तीच, उदाहरणांतले आकडेसुद्धा तेच. दोन्ही माध्यमांची पाचवीची पुस्तकं आणा (बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ फुकट मिळतात, नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने येतोय, म्हणून त्या वर्षाचीच आवृत्ती घ्या). मे महिन्यापासून रोज संध्याकाळी एक-दोन पानं, आधी मराठी, मग शेजारी ठेवून इंग्रजी. वाक्यांचं भाषांतर करायला लावू नका. आठ-दहा शब्द वहीत उतरवले की पुरे: अंश म्हणजे न्यूमरेटर, छेद म्हणजे डिनॉमिनेटर, विशालकोन म्हणजे ऑब्ट्यूज अँगल. शाळा जूनच्या मध्याला सुरू होईपर्यंत पहिल्या सत्राचे बरेच शब्द ओळखीचे झालेले असतात.

गणितात हुशार मुलं इथे अडखळतात ती शाब्दिक उदाहरणांत. आकडेमोड येत असते, पण ‘हाऊ मेनी मोअर’ म्हणजे वजाबाकी, ‘इन ऑल’ म्हणजे बेरीज किंवा गुणाकार आणि ‘ईच’ आलं की बहुतेक वेळा गुणाकार नाहीतर भागाकार, हे कुणी सांगितलेलं नसतं. ही तीन वळणं महिनाभर घोटून घ्या. पाढे मात्र मराठीतच राहू द्या. मनातल्या मनात ‘सात आठे छप्पन’ म्हणून उत्तर इंग्रजीत लिहिलं तर कुणाची हरकत नसते. तोंडी विचारतील तेव्हापुरती ‘सेव्हन एट्स आर फिफ्टी-सिक्स’ची सवय लागली की झालं.

मराठीकडे दुर्लक्ष करू नका. राज्याच्या 2020च्या कायद्याने मराठी सगळ्या शाळांत सक्तीची आहे, पण इंग्रजी माध्यमातलं मराठीचं पुस्तक तिच्या सध्याच्या पातळीपेक्षा सोपं असतं. घरचे निर्धास्त होतात आणि दोन वर्षांत ऱ्हस्व-दीर्घ बिघडतं. माझं मत विचाराल तर घरी मराठी वाचन सुरूच ठेवा, शाळेच्या मराठीवर विसंबू नका.

आता धर्माबद्दल. कॅथलिक मुलांसाठी कॅटेकिझमचा, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाचा, तास असतो. त्याच वेळी बाकीची मुलं मॉरल सायन्सला बसतात. काही ठिकाणी त्याला व्हॅल्यू एज्युकेशन म्हणतात. त्यात गोष्टी, त्यांवरचे प्रश्न, खरं बोलणं, वाटून घेणं, राग आवरणं असे विषय असतात आणि त्याला श्रेणीही मिळते. सकाळच्या असेंब्लीत प्रार्थना आणि हिम, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीत, होतं. तेव्हा हात जोडून शांत उभं राहायचं, क्रॉसची खूण करायला बिगर-ख्रिस्ती मुलांना लावत नाहीत. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत सहभागी व्हायला लावता येत नाही, हे राज्यघटनेच्या कलम 28(3) मध्येच लिहिलेलं आहे. खटका उडतो तो बहुधा मेंदी, नेलपॉलिश आणि बांगड्यांवरून, कारण ते गणवेशाच्या नियमात येतं. घरात लग्न असेल तर मेंदी काढायच्या आधीच टीचरला लिहून कळवा. रंगलेले हात घेऊन सोमवारी गेली आणि मग चिठ्ठी पाठवली, तर त्याचा उपयोग होत नाही.

हे लिहून कळवायचं कुठे, तर कॅलेंडरमध्ये. कॉन्व्हेंटमध्ये कॅलेंडर म्हणजे भिंतीवरचं नव्हे, शाळेची छापील डायरी. सुरुवातीला बोधवाक्य, प्रार्थना, शाळेचं गीत, नियम. मग सुट्ट्यांची यादी आणि वेळापत्रक. शेवटच्या पानांवर रकाने आखलेले असतात: गैरहजेरी, उशीर, रिमार्क. गैरहजेरीच्या ओळीत तारीख, कारण आणि पालकांची सही. ही सही पहिल्या पानावरच्या नमुना सहीशी जुळली पाहिजे. वडिलांची नमुना सही आणि रोजच्या चिठ्ठीवर आजीची, असं झालं की मुलगी पहिल्या तासाला वर्गाबाहेर उभी राहते. म्हणून जूनमध्येच आई आणि वडील दोघांच्याही सह्या तिथे करून ठेवा. रिमार्क आला तर घाबरू नका, पण त्याच रात्री सही करा. ‘वही अपूर्ण’चा रिमार्क तीनदा आला की बोलावणं येतं. सिस्टरांच्या शाळेत वहीला मान असतो: समास आखलेला, तारीख उजवीकडे, कव्हर आणि लेबल एकसारखं. मराठी शाळेतून आलेली मुलं पहिल्या महिन्यात अभ्यासापेक्षा इथेच मागे पडलेली दिसतात.

परीक्षेचं थोडक्यात. पाचवी-सहावीला आकारिक (वर्षभर चालणारं) आणि संकलित (सत्राच्या शेवटच्या परीक्षेचं) मूल्यमापन निम्मं-निम्मं, सातवी-आठवीला 40 आणि 60 टक्के. आकारिकमध्ये तोंडीकाम, प्रकल्प, प्रात्यक्षिक, स्वाध्याय, वर्गातलं निरीक्षण असं सगळं येतं. 2023-24 पासून पाचवी आणि आठवीच्या शेवटी वार्षिक परीक्षा आहे आणि प्रत्येक विषयात 35 टक्के लागतात. राहिली तर पुनर्परीक्षा होते, तिथेही राहिली तर त्याच वर्गात बसावं लागतं. म्हणून पाचवीचं वर्ष सहज घेऊ नका.

तोंडी गुणांचं जास्त बघा. नवी मुलगी इंग्रजी चुकेल म्हणून गप्प बसते आणि टीचरला वाटतं हिला येतच नाही. घरी पाच-सहा वाक्यं पक्की करून घ्या. ‘मिस, आय डिडन्ट अंडरस्टँड, प्लीज रिपीट’ हे त्यातलं सगळ्यात कामाचं. इलोक्यूशनला प्रत्येकीला वर्गासमोर कविता म्हणावी लागते. ती संधी चुकवू देऊ नका, भीड तिथेच चेपते. मधल्या सुट्टीत मुली हिंदी-इंग्रजी मिसळून बोलतात आणि तिथे ती पंधरा दिवसांत रुळेल.

बाकी वर्ष भरगच्च असतं. लाल, निळा, हिरवा, पिवळा असे हाउस (मुलींचे गट), त्यांच्या आपापसातल्या स्पर्धा, स्पोर्ट्स डे आणि त्याआधी कित्येक दिवस मार्च-पास्टची तालीम, शाळेच्या संताचा फीस्ट (सण), डिसेंबरात येशूजन्माच्या गव्हाणीचा देखावा आणि कॉन्सर्ट. नाताळची सुट्टी मोठी असते, त्यामुळे दिवाळीची मराठी शाळेपेक्षा कमी असू शकते. गावी जायची तिकिटं कॅलेंडर हातात आल्यावरच काढा.

प्रवेशाच्या वेळी शाळा सोडल्याचा दाखला मूळ प्रतीत द्यावा लागतो. त्याच्या दोन झेरॉक्स आधी काढून ठेवा, आणि नाव, जन्मतारीख आधारशी अक्षर न अक्षर जुळते का ते दादरच्या शाळेतच तपासा. दुरुस्ती तिथून लवकर होते, दाखला दिल्यानंतर हेलपाटे पडतात. पाचवीचा वर्ग अनुदानित आहे की विनाअनुदानित हेही ऑफिसात विचारा. एकाच इमारतीत दोन्ही असतात आणि फीमध्ये बराच फरक पडतो.

आणि शाळा माहीम चर्चच्या बाजूला असेल तर बुधवारी घरून वीस मिनिटं आधी निघा. नोव्हेनाची, म्हणजे तिथल्या बुधवारच्या खास प्रार्थनेची, गर्दी पहाटेपासून असते आणि उशिराच्या रकान्यात ते कारण चालत नाही.